पाण्यावरून गेलेला स्वर

कापलेल्या धानाचा वास भर उन्हात जड असतो. दिवस कलू लागला की त्यात तलावाच्या पाण्याचा गारवा हळूहळू मिसळतो, आणि दिवसभर तापलेलं शिवार सैल होत जातं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या आदल्या दिवशी, लाखांदूर तालुक्यातल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी, मी अशाच वासात उभा होतो. मंडई म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली गावजत्रा. दिवसभर पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री मांडवात नाटक. त्या नाटकाच्या ध्वनिव्यवस्थेसाठी भंडाऱ्याहून मी माझी गाडी घेऊन आलो होतो. गाडीत मिक्सर, कर्णे, जनरेटर, वायरींची भेंडोळी आणि छातीएवढ्या उंचीचे बेसचे दोन बॉक्स.

उभं आयुष्य मी वायरींच्या संगतीत काढलं आहे. वायर मला प्रामाणिक वाटते. ती तुटली तर कुठे तुटली हे बोटांना कळतं, आणि धड असली तर जे एका टोकाला दिलं तेच दुसऱ्या टोकाला पोचवते. बिनतारी यंत्रांबद्दल माझ्या मनात कायम एक अढी राहिली. ब्लूटूथवरून जाणारं गाणं घडी घालून, दाबून, कसंबसं पेटीत कोंबलेल्या शालूसारखं जातं. पलीकडे उलगडतं तेव्हा झांजेची किनार विस्कटलेली असते आणि दोन शब्दांमधला श्वास कुठेतरी हरवलेला असतो. गिऱ्हाइकांशी मी यावर पुष्कळ वाद घातले. पण खरी अस्वस्थता गुणवत्तेची नव्हतीच. लाखांदूरच्या एसटीत पूर्वी ड्रायव्हरजवळचा रेडिओ वाजायचा आणि एकच गाणं सगळ्या गाडीवर सावलीसारखं पडायचं. आता त्याच गाडीत प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र ऋतू असतो, आणि शेजारच्या माणसाकडे पाऊस आहे की ऊन हे कुणालाच कळत नाही.

माझी बहीण, जिला मी बाई म्हणतो, हळूहळू बहिरी होत गेली. म्हातारपणी उंच स्वर आधी जातात. तिच्या कानांतून पहिल्यांदा पाखरं गेली, मग नातवंडांचे शब्द, मग शेजारणींच्या गप्पा. उरले ते खालचे, खर्जातले आवाज: ट्रॅक्टरची धडधड, ढगांचं गडगडणं. गेल्या वर्षी तिचा मुलगा देवराम आणि मी तिला नागपूरला नेलं आणि तिथून श्रवणयंत्रं आणली. वालाच्या दाण्याएवढी, कानात बसली की दिसतही नाहीत, आणि फोनशी बिनतारी जोडली जाणारी. फोनमध्ये गाणं लावलं की ते थेट कानात उमटतं, आणि तेवढा वेळ ही यंत्रं बाहेरचं जग जवळजवळ बंद करून टाकतात. मी तिच्या फोनमध्ये रोवणीची गाणी भरून दिली. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्याच बांधीत, धानाच्या वाफ्यातल्या चिखलात उभं राहून धानाची रोपं लावणाऱ्या बायांची ती गाणी मी ध्वनिमुद्रित केली होती. पहिल्यांदा ती कानात उमटली तेव्हा बाईने फोन पोटाशी धरला. उठली, आणि आमच्याकडे पाठ करून बसली. त्यानंतर तिचा नेम ठरून गेला. दुपार टळली की बकऱ्या घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जायचं, मोहाच्या झाडाखाली बसायचं आणि दिवस बुडेपर्यंत ऐकायचं.

त्या दिवशी मांडवात मी आवाज तपासत होतो, तेव्हा देवराम मोटारसायकल तशीच आडवी टाकून माझ्याकडे आला.

"मामाजी, बंद करा सगळं," तो म्हणाला. "तलावाच्या पाळीवर वाघीण हाये. अन् माय तिकडंच हाये."

त्याच्या आवाजात आरडाओरडा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

आम्ही तलावाच्या अलीकडच्या काठावर पोचलो तेव्हा तिथे वनरक्षक बाई उभ्या होत्या, तिशीच्या आसपासच्या, डोळ्यांना दुर्बीण लावून. पाणी शांत होतं. पलीकडे मातीची लांबच लांब पाळ, तिच्या उत्तरेच्या बाजूला मोह, मोहाखाली बाईचं जांभळं लुगडं. तिची पाठ आमच्याकडे होती. ती पाळीखालच्या बांध्यांत चरणाऱ्या बकऱ्यांकडे तोंड करून बसली होती. आणि पाळीच्या मधोमध, गावाकडे येणाऱ्या पायवाटेला लागून, बेशरमीच्या दाट झुडपांत वाघीण. सकाळी तिने तिथे एक गोऱ्हा मारला होता आणि त्याला सोडून ती हलायला तयार नव्हती. दुपारी बाई तिच्या शेजारूनच गेली असणार.

"दिवस बुडाला की आई उठतील, आणि याच वाटेनं घरी येतील," वनरक्षक बाई म्हणाल्या. "आमची जीप उत्तरेकडून फिरून येऊन राहिली, पण नहराचा रस्ता चिखलाचा आहे. वेळ लागेल."

"फोन लावला," देवराम म्हणाला. "तिथं टॉवर भेटत नाही."

"डोंगा?" होडीने पाणी ओलांडता येईल म्हणून मी विचारलं.

"डोंगा पलीकडं बांधून हाये. वाघिणीच्या जवळच."

देवरामने गाडीकडे पाहिलं. "मामाजी, कर्णा लावा. माईकवर हाक मारतो मी तिले."

वनरक्षक बाईंनी मान हलवली. गावाच्या बाजूने एकदम गलका झाला तर वाघीण उलट दिशेला, म्हणजे पाळीवरून सरळ मोहाकडे जाईल, असं त्यांना वाटत होतं. आणि मला त्याहून वाईट गोष्ट ठाऊक होती: ती हाक बाईपर्यंत पोचणारच नव्हती. कर्ण्याचा आवाज उंच, टोकदार असतो. नेमका तोच तिच्या कानांनी कधीचा सोडलेला. त्यात गाणं चालू. आम्ही सगळ्या शिवाराला ऐकू गेलो असतो, फक्त तिला नाही.

सूर्य पाळीमागच्या रानाला टेकायला आला होता. पाण्यावरचा प्रकाश पिवळ्याचा तांबडा होत होता, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा संध्याकाळचा राग येत होता.

मग मनात आलं की तिच्याजवळ खालचे स्वर अजून आहेत. ट्रॅक्टर तिला ऐकू येतो, ढग ऐकू येतात. खर्जाचा स्वर कानाच्या दारावर थांबत नाही. तो छातीत शिरतो, जमिनीतून येतो, पाण्यावरून पसरत जातो. मी वनरक्षक बाईंना म्हणालो, "शब्द नाही, नुसता खालचा एक सूर सोडून पाहतो. आधी अगदी हळू. मग थोडा थोडा वाढवत."

"वाघीण काय करेल?"

"ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. क्षणभर त्यांनी दुर्बीण खाली केली, सूर्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "सोडा. पण माझा हात वर गेला की बंद."

आम्ही गाडी काठाने पुढे नेली, मोहाच्या अगदी समोर, म्हणजे सूर वाघिणीवरून न जाता सरळ पाणी ओलांडून बाईच्या पाठीवर पडावा. जनरेटर गाडीतच झाकून सुरू केला. वायरी जोडायला घेतल्या. ज्या खाचा मी डोळे मिटून शोधतो त्या मला सापडेनात. बेसचे दोन्ही बॉक्स पाण्याकडे तोंड करून मांडले आणि मिक्सरवरून तपासणीसाठी वापरतो तो एक साधा, सपाट, नुसता गुणगुणणारा सूर सोडला.

प्रथम काहीच घडलं नाही. मग काठाजवळच्या पाण्यावर बारीक शहारा उमटला. मी आवाज वाढवला. पाणकोंबड्या वेलींतून सरसर आत गेल्या. पलीकडे बकऱ्यांनी माना वर केल्या, सगळ्यांनी एकदम. बाई मात्र तशीच बसून होती, गाण्याच्या आत, आमच्यापासून एका तलावाच्या आणि कितीतरी वर्षांच्या अंतरावर.

"उठली," वनरक्षक बाई पुटपुटल्या. मला वाटलं, बाई उठली. पण त्यांची दुर्बीण झुडपांकडे होती.

त्यांचा हात वर गेला नाही. तो कमरेपाशी अर्ध्यावर थांबला होता. माझं बोट मिक्सरवर होतं आणि देवरामची नजर त्या हातावर. मी श्वास धरून सूर आणखी थोडा वाढवला, इतका की माझ्याच बरगड्या गुणगुणू लागल्या.

बाईने तळहात जमिनीवर टेकला. मग तो उचलून छातीवर ठेवला. घाईघाईने एका कानातलं यंत्र उपसलं, दुसऱ्यातलं उपसलं, आणि वळून पाण्याकडे पाहिलं.

देवरामने डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडून हवेत धरला. मी सूर बंद केला. त्या शांततेत झाकलेल्या जनरेटरची बारीक घरघर आणि दुपट्ट्याची फडफड तेवढी ऐकू येत होती. देवराम दोन्ही हातांनी उत्तरेकडे, गावापासून दूर खुणावत होता. बाईला तो दिसला, पण खूण कळली नाही. मुलगा बोलावतो आहे एवढंच तिला उमगलं असावं. ती उठली, काठी घेतली आणि सवयीच्या वाटेला लागली. झुडपांच्या दिशेने.

मी सूर पुन्हा सोडला, या वेळी जोरात. ती थबकली. मी बंद केला. ती पुन्हा तिकडेच एक पाऊल चालली. मी पुन्हा सोडला. तेव्हा ती उभी राहिली, आणि इतक्या दुरूनही मला तिच्या मानेची विचार करतानाची लकब ओळखता आली. ती सावकाश उत्तरेकडे वळली आणि एक पाऊल टाकून थांबली, जणू विचारत होती. मी शांत राहिलो. तिने दुसरं पाऊल टाकलं. शांतता. आणि मग ती चालतच गेली, मागे बकऱ्या, काठी ठोकत, न धावता. आणि आम्ही तिघं अलीकडच्या काठावर श्वासाचाही आवाज न करता तिला ती शांतता पुरवत राहिलो.

पाळीच्या टोकाला जीपचे दिवे दिसले. वाघीण केव्हा झुडपांतून निघून पलीकडच्या रानात उतरली हे वनरक्षक बाईंनाही नीट कळलं नाही. एक बकरी परत आली नाही.

दिवेलागणीला बाई ओसरीवर बसून चहा पीत होती. देवराम तिच्या पायाशी बसला होता. अंगणभर माणसं होती आणि सगळी एकदम बोलत होती. यंत्रं काढताना त्यातलं एक पाळीवरच्या गवतात पडलं होतं. उरलेलं तिने कानात घातलं आणि मला जवळ बोलावलं.

"तो तुयाच आवाज होता काय गा?"

"हो."

"मले वाटलं, भुई हालून राहिली." तिने चहा खाली ठेवला. "मंग वाटलं, कोणी तरी मले नाही म्हणून राहिलं."

मंडई आणि नाटक पार पडल्यावर, तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी मी तिच्याशी बोलायचं ठरवलं होतं. जे बोलायचं ते मी रात्रभर मनात मांडलं होतं: कान उघडे असावेत, रानाजवळ राहणाऱ्याने तर नक्कीच, घरात ऐक, बाहेर ऐकू नको. माझ्या साऱ्या जुन्या अढीला आता परवाच्या भयाचा आधार मिळाला होता, आणि मी बरोबर होतो. बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुले ठाव नसन," ती म्हणाली. "त्या गाण्यात पहिला जो आवाज हाये, तो दुर्पताचा होय. माही मैत्रीण. बांधीत माया बाजूले तिची जागा राहे. ती गेली तवा माये कान गेलेच होते. शेवटी शेवटी ती मायाशी बोले, अन् मले नुसते ओठ दिसत. काय म्हणे, काही समजलं नाही."

ध्वनिमुद्रण मी केलं होतं. त्या आवाजाची पातळी, त्यातली घोगरी किनार, चिखलातून पाय उपसतानाचा चुळुकचुळुक आवाज, सगळं मला पाठ होतं. तो आवाज कुणाचा होता एवढंच मी कधी विचारलं नव्हतं.

"वाघ त आधीपासूनच हाये," बाई म्हणाली. "दुर्पता आता कुठं भेटली."

तिने फोन हातात घेतला, अंगठ्याने चाचपत गाणं लावलं आणि खळ्यातल्या, धान झोडून उरलेल्या तणसाच्या ढिगाला टेकून बसली. एका कानात यंत्र, दुसरा कान रिकामा. तिचे ओठ किंचित हलत होते. मला काहीही ऐकू येत नव्हतं. देवराम गाडीत वायरी भरत होता, धुक्यातून कुठल्या तरी बांधीत विळ्यांची करकर येत होती, आणि दूर रानाच्या कडेला वाघ दिसला की ओरडतं तसं एक माकड दोनदा ओरडून गप्प झालं. बाईला यातलं काही पोचत नव्हतं. मी गाडीत बसायचं सोडून तिच्याजवळ उभा राहिलो. ते माकड पुन्हा ओरडतं का, ते ऐकत.