माप सोडून लिहिलेली ओळ

डॉक्टरांनी माझ्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली होती: रुग्ण पथ्य पाळत नाही. ती ओळ खोटी होती. ती खोडून घ्यायला मला जवळजवळ एक वर्ष लागलं. खोडली म्हणून माझा राग गेला, असं मात्र कोणी समजू नये.

मैसूरला माझं शिवणाचं दुकान आहे. दुसऱ्याच्या पायरीवर एक जुनं पायमशीन मांडून सुरुवात केली होती. आज नंजनगूडच्या दोन कारखान्यांचे गणवेश माझ्याकडून जातात. कापडाच्या भावावरून तासभर भांडणारा मी माणूस. मला फसवणं अवघड, आणि खोटारडा म्हणणं त्याहून अवघड.

रक्तात साखर निघाली तेव्हा माझं वजन अठ्ठ्याण्णव किलो होतं. माझा मेहुणा माझ्याच दुकानात कटिंग करतो. त्याचंही पोट सुटलेलं, साखर काठावर. डॉक्टरांनी दोघांना एकच कागद दिला. भात बंद, गोड बंद, दुपारी रागीचा मुद्दा आणि हुलग्याचं सार, संध्याकाळी तळ्याला एक फेरी.

बायको दोघांचं जेवण एकाच डब्यातून पाठवायची. मुद्दा म्हणजे रागीच्या, म्हणजे नाचणीच्या, पिठाचा उकडलेला गोळा. त्याचा कुठला अर्धा भाग मोठा यावरून आमचं रोज वाजायचं. शेवटी मी नियम केला, कापायचं त्याने आणि आधी उचलायचं मी. एवढ्या काटेकोरपणे जगात कोणी पथ्य पाळलं नसेल.

तीन महिन्यांनी मेहुणा नऊ किलोंनी उतरला. मी दीड किलो. माझी साखर चांगली खाली आली होती, पण तिकडे कोणाचं लक्षच गेलं नाही.

"यजमान्रे, सुळ्ळु हेळबेडि," डॉक्टर कानडीत म्हणाले. खोटं बोलू नका. मग मान खाली घालून त्यांनी ती ओळ लिहिली.

दुकानात आल्यावर मेहुणा म्हणाला, "दाजी, नंजनगूडची बस हॉटेलासमोरच थांबते वाटतं."

"तू कात्री चालव," मी म्हणालो. "जीभ आपोआप थांबेल."

घरी तेच. बायकोने माझ्या सदऱ्याचा खिसा उलटा करून शेवेचा कण शोधला. निघाला तो खडूचा. "आज नाही सापडला, एवढंच," ती म्हणाली.

असे आठ-दहा महिने गेले. माझ्यापुरतं असतं तर मी नुसता भांडत राहिलो असतो. पण मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिचा बांधा माझ्यासारखा. बायकोने चिवड्याचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला आणि मुलीला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी माझी फाइल मागवून पाहिली आणि पोरीला सांगितलं, "वडिलांसारखं चोरून खाऊ नकोस."

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी नुसतं ताक. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना बसमध्येच तिला भोवळ आली. मी ताट घेऊन तिच्यापुढे बसलो, तर म्हणाली, "अप्पा, खाल्लं तरी म्हणतात खाते, नाही खाल्लं तरी म्हणतात खाते. मग न खाल्लेलं काय वाईट?"

मी ताट झाकून ठेवलं.

आमच्या घरात दसऱ्याआधी एक दिवस सगळ्यांची मापं घेतात. नवे कपडे शिवायचे असोत की नसोत, मापं होतातच, आणि ती एका वेगळ्या वहीत उतरतात. वडिलांकडून मला वारसा म्हणून दोनच वस्तू मिळाल्या, एक कात्री आणि ही वही. आणि एक शिस्त. माप घेताना माणसाला काही विचारायचं नाही, काही सुनवायचं नाही. टेप सांगेल तेवढं लिहायचं.

त्या रात्री मी वही उघडली आणि माझी आत्या सापडली. ती लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे परत आली होती. एकवेळ जेवायची, वर एकादश्या. सतराव्या वर्षी तिची कंबर चौतीस, चाळिसाव्या वर्षी चव्वेचाळीस. त्याच चुलीवरचं दोन वेळा जेवणाऱ्या माझ्या आईची कंबर कधी अठ्ठावीसच्या वर गेली नाही. मुलीचं त्या वर्षीचं माप पाहिलं. चौतीस.

सकाळी वही बगलेत मारून मी दवाखान्यात गेलो आणि ती पानं त्यांच्यापुढे ठेवली. "ही बाई एकवेळ जेवत होती. हिने चोरून काय खाल्लं ते सांगा."

डॉक्टरांनी पानं उलटून पाहिली. मग त्यांनी आवाज उतरवून समजावलं. भूक किती लागते, पोट भरल्याचं मेंदूला केव्हा कळतं, शरीर किती जाळतं आणि किती साठवतं, यात आईबापांकडून आलेल्या जनुकांचा मोठा हात असतो. तेच पथ्य एकाला लवकर लागू पडतं, दुसऱ्याला फार थोडं.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग मला खोटारडा का लिहिलंत?"

ते म्हणाले, "खाली लिहितो, आनुवंशिक कल आहे म्हणून."

"खाली नको. आधी वरचं खोडा."

"फाइलमध्ये खाडाखोड चालत नाही."

"माझी शिवण चुकली तर मी गिऱ्हाइकासमोर उसवतो. तुम्ही माप घेतलंत दीड किलो. तेवढं लिहायचं होतं. तुम्ही माप सोडून मत लिहिलंत, आणि ते माझ्या पोरीच्या अंगावर चढवलंत."

बाहेर रांग लागली होती. मी उठणार नाही हे त्यांना दिसत होतं. शेवटी त्यांनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. "पण पथ्य आणि चालणं सोडायचं नाही," ते म्हणाले. "साखर त्यानेच उतरली आहे."

"मी सोडलं होतं कधी?"

ते पान मी मोबाइलमध्ये टिपून आणलं आणि मुलीला दाखवलं. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "सार गरम आहे का?"

बायकोने कपाटाचं कुलूप काढलं, पण चूक झाली असं आजवर म्हणालेली नाही. पुढच्या दसऱ्याआधी मेहुण्याची कंबर दोन इंच वाढलेली निघाली. मी त्याला काही बोललो नाही, आणि हे मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. मग मुलगी हात पसरून उभी राहिली. मी टेप लावून आकडा मोठ्याने सांगितला. पस्तीस. बायकोने पस्तीस लिहिलं आणि पुढच्या मापासाठी माझ्याकडे पाहिलं.