नालोंगोचा शुक्रवारचा सिनेमा

पास्काझिया नाबोसाने पहिला फ्रेंच सिनेमा पाहिला तो इस्त्री करता करता. कंपालातल्या कोलोलोच्या टेकडीवर एका फ्रेंच बाईंच्या घरी ती कपडे धुवायला होती. दुपारचं जेवण झालं की मादाम पडदे ओढून घ्यायच्या आणि टीव्हीवर आपल्या देशाचा सिनेमा लावायच्या. पास्काझिया मागे उभी राहून चादरींवर इस्त्री फिरवायची. भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं. पण टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने बायकोकडे न बघता मीठ मागितलं, की त्या घरात काय बिनसलंय ते तिला लगेच उमगायचं. एकदा ती इतकी गुंगली की उशीच्या अभ्र्यावर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. मादाम रागावल्या नाहीत. त्यांनी एक स्टूल पुढे सरकवलं. "बस आणि नीट बघ," म्हणाल्या. "दोन्ही कामं एकदम व्हायची नाहीत."

पुढे मादाम त्यांच्या देशी परत गेल्या. पास्काझियाने नातेटेच्या बाजारात टोमॅटोचं दुकान मांडलं, नवरा वारला, जुळ्या मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. जुळ्यांची आई म्हणून सगळा बाजार तिला नालोंगो म्हणायचा. पास्काझिया हे नाव उरलं ते फक्त रुबागाच्या चर्चमधल्या फादरांपुरतं. रोज पहाटे मिस्सा, मग टोमॅटो, संध्याकाळी माळ जपणं, असा तिचा दिवस. देवाने दिलं त्यात तिला उणं काही नव्हतं. फक्त ते सिनेमे तेवढे राहून गेले होते.

बाजाराच्या मागे क्येयुनेचा व्हिडिओ हॉल होता. पत्र्याचं छप्पर, लाकडी बाकं, दाराला काळं कापड. क्येयुने पडद्याच्या कडेला माइक घेऊन बसायचा आणि परदेशी सिनेमा चालू असताना लुगांडात सांगत जायचा. कोण काय बोललं ते तर सांगायचाच, वर पदरची मीठमिरचीही लावायचा. कंपालाभर असे सांगणारे आहेत, त्यांना व्हीजे म्हणतात, आणि लोक सिनेमापेक्षा व्हीजेचं नाव बघून आत शिरतात. क्येयुनेचं नाव झालं होतं ते बंदुकीच्या सिनेमांवर. नालोंगो एके दिवशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फ्रेंच सिनेमा लाव," ती म्हणाली.

"नालोंगो, त्यात गोळी सुटत नाही, मोटार उलटत नाही. लोक मला उलटा करतील."

"शुक्रवारी दुपारी तुझ्या हॉलमध्ये असतं कोण? पुरुष नमाजाला गेलेले. बाकांवर कोंबड्या बसतात."

"मला फ्रेंच कुठे येतं?"

"खाली इंग्रजीत ओळ येते ती वाच. शाळेत गेला होतास ना, का आईने उगीच फी भरली?"

क्येयुने हसला आणि शहरात जाऊन फ्रेंच सिनेमांच्या डिस्क घेऊन आला. पहिल्या शुक्रवारी नालोंगो आणि शेजारची मासळीवाली नाकिबुका, अशा दोघीच होत्या. महिन्याभरात केळीवाल्या, कोळसेवाल्या, कपडे शिवणाऱ्या सगळ्या यायला लागल्या. दुपारी गिऱ्हाईक नसतंच. भाजलेलं केळं नाहीतर शेंगदाण्यांची पुडी घेऊन बाकावर बसायचं आणि परक्या बाईचा संसार बघायचा. क्येयुनेच्या तोंडी सगळ्या फ्रेंच माणसांना लुगांडा नावं मिळायची. पॅरिसच्या नदीचं आपलं सरोवर व्हायचं आणि सासू थेट मसाकाच्या गाडीतून उतरायची. "बघा, नाझिवा खिडकीशी उभी राहून सिगारेट ओढतेय," तो सांगायचा. "बिड्या ओढणाऱ्या सुनेला मसाकात कोण ठेवून घेईल?" आणि बायका पोट धरधरून हसायच्या.

नालोंगोला आवडायचं ते वेगळंच काही. या सिनेमांत माणसांना घाई नसते, असं ती म्हणायची. जेवायला बसतात ती खरोखर जेवतात. भांडतात आणि मग ताटं विसळतात. एखादी बाई नुसती बसून राहते, आणि सिनेमा तिच्याजवळ बसून राहतो. माळ जपताना मन जसं निवतं, तसंच काहीसं तिला तिथे वाटायचं. हे तिने फादरांना एकदा भीत भीत सांगितलं होतं. ते म्हणाले, ईस्टरच्या आधीच्या उपवासात तेवढं जाऊ नकोस. तेव्हापासून त्या काळात नालोंगो जात नसे. ती नाही म्हटल्यावर बाकीच्याही जात नसत, आणि क्येयुनेला शुक्रवारी कुलूप लावावं लागे.

नालोंगोची नजर हळूहळू अधू होत गेली. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीचाही भरवसा नाही, असं मेंगोच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. टोमॅटोचं कच्चंपक्कं बोटांना कळायचं, वाट पायांना पाठ होती. लपवायचं ते मुलीपासून. जुळ्यांतली नाकातो दूर म्बराराला, पण बाबिर्ये जिंजात शाळेवर शिक्षिका होती आणि दर फोनला म्हणायची, आई, आता ये माझ्याकडे. डोळ्यांचं कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेली असती. जिंजाचं घर चांगलं होतं, जावई भला होता. पण दोघंही सकाळी बाहेर पडली की संध्याकाळीच परतायची. तिथे नालोंगोला कुणाशी एक शब्द बोलायला मिळणार नव्हता.

क्येयुनेच्या ते कसं ध्यानात आलं? एका सिनेमात एक म्हातारा दार उघडून न बोलता उभा होता. बराच वेळ उभा होता. तेवढ्यात पहिल्या बाकावरून नालोंगोने हळूच विचारलं, "गेला का रे तो?" क्येयुनेने वळून बघितलं. तिचा चेहरा पडद्याकडे नव्हता, पडद्याशेजारच्या भिंतीकडे होता.

"नाही, नालोंगो," तो माइकमध्ये म्हणाला. "दारातच आहे. टोपी हातात धरलीय. आत यावं की नाही, ठरत नाहीये त्याचं."

त्या दिवसापासून तो दिसणारंही सांगायला लागला. कुणाचा कोट कसला, कोण कुणाकडे बघतंय, दिवा लागला की मालवला. का सांगतोस, असं नालोंगोने कधी विचारलं नाही, आणि त्यानेही कधी सांगितलं नाही.

पण बाकीच्या बायका वैतागल्या. त्यांना मसाकाची सासू हवी होती, आणि हा गडी खुर्च्यांचे रंग सांगत बसलेला. एका शुक्रवारी नाकिबुकाचा धीर सुटला.

"क्येयुने, आम्ही काय आंधळ्या आहोत? कोट लाल आहे ते दिसतंय की आम्हाला."

"म्हातारा झालास का रे?" मागून कोळसेवाली म्हणाली. "विनोद संपले वाटतं तुझे."

"पुढच्या खेपेला त्या पलीकडच्या हॉलमध्ये जाऊ. तिथला पोरगा निदान हसवतो."

पडद्यावर कुणीतरी जिना चढत होतं, पावलं वाजत होती, आणि माइक गप्प होता. त्याने नालोंगोचं नाव घेतलं असतं तर तिथल्या तिथे सुटला असता. तो ते घेत नाहीये हे नालोंगोला समजलं. ती बाकावरून उठली. अंगातल्या पायघोळ गोमेसीचा कमरपट्टा सारखा केला आणि आवाजाच्या दिशेने वळली.

"आंधळी मी आहे, नाकिबुका. माझ्यासाठी सांगतोय तो."

एवढं बोलून ती खाली बसली. मग नाकिबुका बाकांमधून वाट काढत तिच्याशेजारी येऊन टेकली. "कधीपासून?" तिने विचारलं. नालोंगो म्हणाली, "पुष्कळ दिवस झाले. आता गप बस, जिना चढून कोण आलं ते ऐकू दे."

नातेटेच्या बाजारात गोष्ट लपून राहत नाही. पुढचा शुक्रवार उजाडायच्या आत ती जिंजाला पोचली होती, आणि शुक्रवारी सकाळी बाबिर्ये दारात हजर. तिने गुडघे टेकून आईला नमस्कार केला, कुशल विचारलं, आणि उठता उठता आईचं मनगट धरलं. तिथे भाजल्याचा जुना डाग होता.

"हे चुलीचं ना? आणि मला म्हणालीस डास चावला."

"मोठा डास होता."

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. एखाद्या बोडावाल्याने मोटरसायकलखाली घेतलं असतं तर? मला बाजाराकडून कळावं?"

"तुझ्याकडे येऊन मी दिवसभर काय करू, बाबिर्ये? भिंतीशी बोलू?"

"रेडिओ आहे."

"रेडिओ माझं ऐकतो का?"

पण बाबिर्येने पेटी भरायला घेतली. नालोंगोने अडवलं नाही. लेक चुकीचं बोलत नव्हती हे तिला कळत होतं. पेटी जिंजाच्या गाडीच्या टपावर चढली. गाडी भरायला अजून वेळ होता. नालोंगो म्हणाली, "आज शुक्रवार आहे. तेवढा एक बघू दे. मग तू म्हणशील तिकडे येते."

हॉलमध्ये शिरताना बाबिर्येने नाक मुरडलं. तिच्या शाळेतली मुलं असल्या जागी चोरून जायची आणि ती त्यांना शिक्षा करायची. आत बायकांनी सरकून मायलेकींना पहिल्या बाकावर जागा दिली. त्या दिवशीचा सिनेमा समुद्रकाठच्या गावातला होता. एक विधवा खानावळ चालवते, आणि दर हिवाळ्यात बोटी रंगवणारा एक माणूस तिच्याकडे जेवायला येतो. क्येयुनेने तिचं नाव नाझिवाच ठेवलं आणि त्याचं मुकासा.

माइकवर क्येयुने बोलत होता, पण आता बायकाही मागे राहिल्या नव्हत्या.

"नालोंगो, झगा निळा आहे."

"निळा कुठला, राखाडी आहे. तुझेच डोळे तपासून घे."

"मुकासाच्या दाढीला रंग लागलाय, नालोंगो. असाच जेवायला बसलाय, लाज नाही."

"अगं, नाझिवाने तीच दाढी चोरून बघितली. आत्ता. वाढता वाढता."

नालोंगो हसत होती. बाबिर्येने वळून आईकडे बघितलं. भिंतीकडे वळलेला तो चेहरा उजळला होता. फोनवर दर आठवड्याला जो आवाज ती ऐकायची, त्या आवाजामागचा हा चेहरा तिने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

"संध्याकाळी आईला घरी कोण सोडतं?" तिने नाकिबुकाला हळूच विचारलं.

"आजवर कुणी नाही, आम्हाला ठाऊक कुठे होतं? या शुक्रवारपासून मी. एकाच गल्लीत राहतो. सकाळी मिस्सेला ती कोळसेवाली नेणार आहे. चुलीचं काय ते तू बघ, मास्तरीणबाई."

"शेगडी घेऊन देते. झाकणवाली."

"दे. आणि तोंड पडद्याकडे कर, सिनेमा चाललाय."

थोड्या वेळाने बाबिर्येचा फोन वाजला. गाडीवाला होता, गाडी भरली होती. हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"तुम्ही निघा," बाबिर्ये फोनवर म्हणाली. "नाही, पुढच्या गाडीनेही नाही. पेटी तेवढी खाली उतरवा. चहावालीपाशी ठेवा, मी येते न्यायला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई सिनेमात आहे."

नालोंगोने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

पडद्यावर हिवाळा संपत आला होता. बोटी रंगवून झाल्या होत्या आणि मुकासाला निघायचं होतं. खानावळीत दोघंच होती. बोलणं थांबलं. क्येयुनेने बाबिर्येकडे एकदा बघितलं आणि माइक मांडीवर ठेवून दिला.

"काय चाललंय?" नालोंगोने विचारलं.

"काही नाही. उभी आहेत," बाबिर्ये म्हणाली.

"दोघंही?"

"हो."

"नुसती?"

"त्याने तिचा हात धरलाय."

"हात धरायला एवढा वेळ?"

"नालोंगो," मागून नाकिबुका म्हणाली, "मास्तरीणबाई तुला फसवतेय."

बाकं हसून डुलायला लागली. बाबिर्येने हाताने तोंड झाकलं, मग तीही हसली. आईसमोर असलं बोलायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. ती वाकली, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि जे दिसत होतं ते एकेक करून सांगायला लागली.