पंखा बंद, दार बंद

पुंडलिकनगरात आमच्या शेजारी दगडाबाई राहतात. वैजापूरकडच्या, चौथी शिकलेल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे तात्यासाहेबांच्या, किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरांनी पोटात कायमची नळी बसवली. दिवसातून चार वेळा त्या नळीतून जुनं पाणी काढायचं आणि औषधाचं नवं पाणी सोडायचं. दगडाबाई आठ दिवसांत सगळं शिकल्या. हात घासायचे, तोंडाला मास्क, दार बंद, पंखा बंद. उघड्या नळीला धूळ लागली की जंतू थेट पोटात. पोटातून आलेल्या पाण्याची पिशवी त्या पेपरवर धरायच्या. पिशवीतून अक्षरं वाचता आली, की पाणी चांगलं. दोन वर्षं त्यांनी एकही अक्षर पुसट होऊ दिलं नाही.

पण पाहुण्यांना त्याचं काय! आजाऱ्याला भेटायला यायचं आणि दार बंद दिसलं की यांचा अपमान. "लई शहरी झाली," म्हणत तिच्याच हातचा चहा ढोसून जायचे. वर नळी बघायची हौस. अशा माणसांची मला मनापासून किळस येते.

मे महिन्यात व्याही आले. आत दगडाबाईंनी नुकतंच नळीचं टोपण काढलं होतं. "बाहेरच थांबा जरा," त्या ओरडल्या. तात्यासाहेबांना ते कसं खपावं? व्याही आणि दारात ताटकळत? "या या, आत या!" व्याही आले, घाम पुसला आणि हक्कानं पंख्याचं बटण दाबलं. दगडाबाईंनी धावत बंद केलं.

"दवाखान्यात फोन करते," त्या म्हणाल्या.

"पाव्हण्यासमोर तमाशा नको," तात्यासाहेब गुरगुरले. फोन राहूनच गेला.

तिसऱ्या दिवशी पिशवीतून पेपरचं एकही अक्षर दिसेना. ताप, पोटात कळा. शेवटी दवाखान्यात नळी काढावी लागली, रक्त मशीनवर साफ करायची वेळ आली.

"जंतू गेले कसे?" डॉक्टरांनी विचारलं. व्याही भेटायला हजर होतेच. म्हणाले, "बाईमाणसाच्या हातून ऱ्हायलं असंल कायतरी."

आणि तात्यासाहेबांनी मान डोलावली! दोन वर्षं जिनं जगवलं, तिच्यासमोर.

दगडाबाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोट बरं झालं की नळी परत बसवा. पण पिशवी लावायला ह्या पाव्हण्याला शिकवा. माझे हात घाण हायेत."

व्याही घड्याळ बघू लागले. त्यांची वैजापूरची गाडी म्हणे चुकत होती.