हरकतबाईची एकच हरकत

माझ्या नणंदेला अख्खा प्रभाग हरकतबाई म्हणतो आणि तिला तो किताब वाटतो. मी तिला तोंडावर ताई म्हणते. पाठीमागे काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा एक खोली आमची, एक तिची आणि मधलं स्वयंपाकघर दोघींचं, म्हणजे तिचं, असा मामला होता. तिने जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली. ती बसमधून उतरली, पण बस काही तिच्यातून उतरली नाही. आजही ती घरात पाय फाकवून उभी राहते, जशी काही जमीन आता वळण घेणार आहे. न्हाणीघरात कोणी वेळ लावला की बाहेरून दारावर टक टक, दोनदा. म्हणजे चला. जेवताना भावाने जास्त वाढून घेतलं की ताटाच्या कडेवर चमच्याने टक, एकदा. म्हणजे थांबा. माझा नवरा या बसच्या घंटीच्या तालमीत इतका तयार झालाय की दोन टकटकी ऐकल्या की झोपेतसुद्धा पाय हलवतो.

लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलं की म्हणते, "मला हरकत होती." एवढंच. पुढे विचारायची कोणाची छाती होत नाही.

निवृत्त झाल्यावर ही बाई दिवसभर घरात बसणार, या धास्तीने मला ताप यायचा बाकी होता. तेवढ्यात तिला प्रभाग सभेचा शोध लागला. आमच्या प्रभागाची सभा शाळेच्या सभागृहात दुपारी भरते. आधी प्रभाग अधिकारी घडामोडी सांगतात. अधिकारी गोड माणूस आहे. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. जलवाहिनीचं काम प्रगतिपथावर आहे, असं तो दर सभेत सांगतो. माझा मुलगा चालायला लागला, शाळेत गेला, शाळा सोडून नोकरीला परगावी गेला, जलवाहिनी आपली प्रगतिपथावरच आहे. घडामोडी संपल्या की विषय वाचले जातात, आणि प्रत्येक विषयाला अधिकारी खाली बघत पुटपुटतो, "कोणाची हरकत?" उत्तराची वाट न बघता "बिनहरकत मंजूर" लिहून मोकळा होतो.

ती पहिल्यांदा गेली त्या दिवशी म्हणाली, "आहे."

अधिकाऱ्याचं लिहून झालं होतं. तो म्हणाला, "काय हरकत आहे, ताई?"

"ते तुम्ही वाचून दाखवा आधी काय ठरवलंय. मग सांगते."

तेव्हापासून लोक सभेला यायला लागले. सभेसाठी नाही, हिच्यासाठी. फुकटचा तमाशा कोणाला नको असतो? बाकांच्या रंगापासून गटाराच्या झाकणापर्यंत हिची हरकत. उचलली जीभ लावली टाळ्याला. शेवटी अधिकाऱ्याने वैतागून नियम आणला: एका सभेत एका रहिवाशाने एकाच विषयाला हरकत घ्यायची, मग हजर लोकांचे हात मोजायचे. त्या नियमालाही तिने हरकत घेतली, पण ती त्या सभेतली तिची दुसरी हरकत निघाली, म्हणून धरली गेली नाही.

यातून एक रीत पडली. ही उठायची, बोलायची, हात मोजले जायचे, ही बसायची. ही बसली की लोक पिशव्या उचलून घरी. पुढच्या विषयांना अधिकारी आणि रिकाम्या खुर्च्या. हरकत घेणं हे हिचं काम आणि बघणं आपलं, असं सगळा प्रभाग धरून चालला होता. अधिकारी गोड होता, मूर्ख नव्हता. हिला डिवचणारा विषय तो पहिला ठेवायला लागला आणि ज्यात त्याला खरा रस तो शेवटचा.

आता माझं सांगते. आमची गल्ली खालच्या अंगाला आणि बसचा रस्ता वर. मधे दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांच्या पोटात एक कोनाडा, आणि कोनाड्यात माझं इस्त्रीचं दुकान. सासऱ्यांनी मांडलेलं, मी वाढवलेलं. नवरा कपडे गोळा करायचा, पोचवायचा. वरच्या रस्त्याची माणसं कामावर जाता येता कपडे टाकायची. उन्हाळ्यात भट्टी, पण माझी भट्टी. तिथे मला कोणी टकटक करत नव्हतं.

फलकावर पुढच्या सभेचे विषय लागले. शेवटचा विषय: पायऱ्या काढून गाड्यांसाठी उतार करणे.

नवरा म्हणाला, "ताईला सांग." जन्मात मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. मीठ संपलं तर शेजारी गेले, तिच्या डब्याला हात लावला नाही. त्या दिवशी मात्र तिच्या खोलीच्या दारात उभी राहिले.

"ताई, या खेपेला पहिल्या विषयाला गप्प बसा. शेवटच्याला बोला. दुकानाचा प्रश्न आहे."

ती चष्मा पुसत होती. "पहिला विषय कुठला आहे?"

"कुठला का असेना."

"बघू," म्हणाली.

आता "बघू" म्हणजे हो, असं समजणारी मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण घरचं माणूस आहे, असं वाटलं.

सभेला मी पहिल्यांदा गेले, तिच्या शेजारी बसले. अधिकाऱ्याने जलवाहिनी प्रगतिपथावर नेली आणि पहिला विषय वाचला: वरच्या बस थांब्याजवळचं बायकांचं स्वच्छतागृह वापर कमी असल्याने पाडणे. कोणाची हरकत?

तिच्या गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला. मी तिची बाही धरली. तिने ती सोडवून घेतली.

"वापर कमी, कारण कुलपाची किल्ली तुमच्याकडे असते," ती म्हणाली. "आम्ही बसवर ड्युटीभर पाणी पीत नव्हतो. भर उन्हाळ्यात. जायला जागाच नव्हती कुठे. माझ्या बरोबरीच्या एकीची त्यात किडनी गेली आणि मागून ती गेली. हे एक बांधून घ्यायला आम्ही किती वर्षं भांडलो ते तुम्हाला काय माहीत? तुम्ही तेव्हा शाळेत असाल. माझी हरकत आहे."

बायकांचे हात वर गेले, मागून पुरुषांचेही. स्वच्छतागृह वाचलं, कुलूपही निघालं. ही बसली. सभागृह उठलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून तरातरा व्हरांड्यात गेले आणि ती मागून आली, कारण कोणी रागावून चाललं की मागे जाऊन भांडल्याशिवाय तिला राहवत नाही.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजा," मी म्हणाले. "घर गेलं खड्ड्यात."

"घर तुझं, तर तोंडही तुझंच वापरायचं," ती म्हणाली. "तुला काय मी मुकी समजून घरात आणली होती का?"

"तुम्ही नव्हतं आणलं मला."

"तेच म्हणते. मला तेव्हाही हरकत होती."

मग मी गेल्या वीसेक वर्षांचं सगळं काढलं. भाजीतलं मीठ, न्हाणीघराचं दार, मुलाचं बारसं. तिनेही काही शिल्लक ठेवलं नाही. घरी निघालेले लोक थांबून आमच्याभोवती गोळा झाले. त्यांना त्या दिवशी तमाशा दुप्पट मिळाला. आत अधिकारी रिकाम्या खुर्च्यांना विषय वाचून दाखवत होता. आम्ही दमून गप्प झालो तेव्हा तो कागद गुंडाळून बाहेर येत होता. आम्हाला बघून मान झुकवून हसला. पायऱ्या बिनहरकत मंजूर. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ.

  हरकत घ्यायचा हक्क माझ्याकडेही होता, हे मला तिथे उभी असताना कळलं, आणि त्याचाही राग मी तिच्यावरच काढला. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

पायऱ्या फोडायला यंत्र आलं तेव्हा मी इस्त्री पोटाशी धरून गल्लीत उभी होते. कोनाड्याची आतली भिंत धुराने काळी झाली होती. ती उघड्यावर आली तेव्हा मला लाज वाटली, का ते सांगता येत नाही. नवरा म्हणाला, "उतार झाला की हातगाडी वर नेता येईल." त्याला कानाखाली द्यावीशी वाटली. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून आता मी वर बस थांब्याजवळ हातगाडीवर इस्त्री करते. गिऱ्हाईक येतं, नाही असं नाही. पण पायऱ्या गेल्या. उतार काढला तो गाड्यांसाठी, लांबून वळसा घालून. घरी जाऊन यायचं तर मधे कपडे कोण सांभाळणार? आणि बाईमाणसाने दिवसभर रस्त्यावर उभं राहायचं म्हणजे काय, ते मला पहिल्याच दिवशी दुपारी समजलं. जवळ एकच जागा होती, तिने वाचवलेली. रोज मी तिथे जाते. रोज कडी लावताना तिची आठवण येते आणि रोज मला तितकाच संताप येतो. उपकार झाल्याचा राग हा अपमानाच्या रागापेक्षा वाईट असतो. अपमान निदान परत करता येतो.

घरात तिच्या-माझ्यातला पोस्टमन म्हणजे माझा नवरा. "ताईला सांगा स्वयंपाक झालाय." "तिला सांग मला भूक नाही." दोघी एकाच खोलीत. मधे तो, बिचारा टपालाखाली दबलेला.

मग पुढच्या सभेचे विषय लागले. पहिला: बस थांब्याजवळचं स्वच्छतागृह पाडणे, फेरविचार. शेवटचा: बस थांब्यालगतच्या हातगाड्या हटवणे. अधिकाऱ्याला वाटलं, एकदा चाललेली युक्ती पुन्हा चालेल. आणि का चालू नये? समोर माझी नणंदच होती, तिच्याकडून शहाणपणाची अपेक्षा कोणी धरावी?

मी नवऱ्याकरवी काहीच निरोप पाठवला नाही. तिनेही नाही. पण सभेच्या दिवशी मी जाऊन बसले तर ती येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, तोंड दुसरीकडे करून. तिच्या अंगाला तिच्या जुन्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. ठेवणीतले कपडे काढले होते बाईने. इस्त्री मात्र मोडलेली. माझ्याकडे टाकायला मान झुकवावी लागली असती.

जलवाहिनी प्रगतिपथावर. पहिला विषय. कोणाची हरकत?

सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. ती उठली नाही. तिचा जबडा असा आवळला होता की मला वाटलं दात तुटतील. अधिकाऱ्याने पेन टेकवलं. आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर, बोटाच्या पेराने, टक टक. दोनदा.

माझा संताप संताप झाला. मला चला म्हणते? मला, न्हाणीघरातल्यासारखं? त्या संतापातच मी उठले. उठल्यावर कळलं काय केलं ते, पण आता बसायचं कसं? सगळे बघत होते.

"हरकत आहे," मी म्हणाले. "मी रोज जाते तिथे. ते पाडलं तर मी कुठे जाऊ, साहेब? तुमच्या कचेरीत येऊ का?"

कोणीतरी हसलं, मग बायका हसल्या, आणि हसता हसता हात वर गेले. मी बसले तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

पण कोणीच उठेना. पिशव्या मांडीवरच. हरकतबाई अजून बोलली नव्हती ना. लोक आपली वाट बघत बसले. दिव्याच्या खांबांचा विषय झाला, कचरागाडीच्या वेळेचा झाला. अधिकारी एकेक विषय वाचताना मान वर करून बघायचा, अजून भरलेलं सभागृह दिसलं की पाणी प्यायचा. शेजारी ती खुर्चीची कड धरून बसली होती. बाकांच्या रंगाचा विषय आला तेव्हा तर तिच्या घशातून एक आवाज निघाला, पण गिळला तिने.

शेवटचा विषय त्याने इतका हळू वाचला की पुढच्या रांगेलाही ऐकू गेला नसेल. मी तिला खूण करावी की काय असा विचार करत होते. ती माझ्या खुणेवर चालणाऱ्यांतली नव्हती. आधीच उभी होती, पाय फाकवून.

"मोठ्याने वाचा, साहेब," ती म्हणाली. "शेवटच्या सीटपर्यंत जाऊ द्या."

हातगाड्या राहिल्या. हात मोजायची गरजही पडली नाही.

घरी परतताना वळशाचा रस्ता लांब. तिचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून मला हळू चालावं लागत होतं, त्याचाही राग येत होता. निम्म्या उतारावर ती म्हणाली, "आवाज पोटातून काढायचा असतो. मागच्यांना काही कळलं नाही तुझं."

इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते हे सांगायला. मी तिथेच थांबले. खाली, जिथे माझा कोनाडा होता, तिथे कोणाची तरी गाडी उभी होती.

"माझं दुकान तुमच्यामुळे गेलं," मी म्हणाले.

मी तयारीत होते. ती काय म्हणेल ते मला पाठ होतं, आणि त्यावर काय म्हणायचं तेही. व्हरांड्यात राहून गेलेलं बरंच काही माझ्याकडे शिल्लक होतं.

ती त्या गाडीकडे बघत राहिली.

"हो," म्हणाली.

आणि पुढे काहीच नाही. मी वाट बघितली. मग तिच्या गुडघ्यांच्या चालीने घरापर्यंत चालत गेले, आणि सगळ्या वाटेने मला कळेना की आता या बाईशी भांडायचं तरी कशावरून.