दीडकीचा आवाज

"आये, रेडिओवानीच आसतंय ते. फकस्त फोनमदी येतं."

"मंग तू दिसनार न्हाईस?"

"न्हाय दिसनार. म्हनून तर करतीया."

मथुराबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि लेकीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "दिसायला काय धाड भरलीया तुला? चांगली भरल्या अंगाची हायस. तुज्या आत्त्या सगळ्या अशाच व्हत्या. उसाची मोळी एकली उचलायची एकेक."

"आत्त्यास्नी कुनी चाकं बांधून नाचाय लावलं न्हवतं, आये."

दारात स्वराली उभी होती, खांद्याला पिशवी, हातात चालू माइक. ती हसत सुटली. "मावशी, हे मला हवंय. पुन्हा म्हणाल का, प्लीज?"

"कंचं? भाकरी करपंल आता, ते?"

आणि खरंच करपली.

उल्का पुण्याजवळच्या मांजरी गावातली स्केटिंगची टीचर. मांजरीत आता ऊस कमी आणि सोसायट्या जास्त. त्यातल्याच एका सोसायटीच्या मागच्या अंगाला गुळगुळीत घोटलेल्या सिमेंटचं रिंक आहे, तिथं ती पोरांना फिगर स्केटिंग शिकवते. खरं तर हे बर्फावरचं काम. पण पुण्यात बर्फ बघायचा तर रसवंतीवर, म्हणून इथं ते चार चाकांच्या बुटांवर चालतं. उड्या त्याच, गिरक्या त्याच. पाय चुकला तर गुडघा गार पडायच्या ऐवजी सोलवटतो, एवढाच फरक.

अंगानं ती रुंद. दंड भरलेले, मांड्या भक्कम, कंबर तिच्या आत्त्यांसारखी. नवीन पोराला घेऊन येणारे आईबाप तिच्याच शेजारी उभं राहून विचारतात, टीचर कुठं भेटतील? ती म्हणते, "टीचर मीच. बसा." बसतात. मग ती मागं मागं गिरकी घेत रिंकच्या मधोमध जाते, तेव्हा उठून उभं राहतात.

तिच्या पोरांचा एक खेळ आहे. त्याचं नाव वळख. भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून उभं राहायचं. मागनं एक जण चाकांवरून येतो. कोण आलं ते नुसतं ऐकून सांगायचं. मागनं कोण येतंय ते कळलं नाही तर बारकी पोरं एकमेकांवर आदळतात, म्हणून उल्कानंच हे सुरू केलं. कुणाची चाकं सुतळी ओढल्यासारखी जातात, कुणाची खुडबुडतात. उल्काची चाकं जात्यासारखी, दाट आणि सलग. गावातला अवधूत नावाचा बारका आहे, तो फाटकाबाहेर बूट बांधत असला तरी सांगतो, टीचर सुटल्या.

स्वराली तिच्याच वेळची. तिचं घर आत पेठेत, वडील प्राध्यापक. अंगानं काडी. पण लहानपणी दोघी एकाच रिंकवर शेजारी शेजारी शिकल्या, एकाच बाटलीतनं पाणी प्यायल्या. पुढं स्वराली जाहिरातीच्या कंपनीत आवाजाच्या कामाला लागली आणि एक दिवस तिनंच काढलं, की आपण पॉडकास्ट करू. सगळ्या तऱ्हेच्या अंगांचं स्केटिंग. जाडं, बुटकं, लांबडं, सगळं. नाव ठेवलं 'मापाबाहेर'. "आणि पहिला भाग तुझा. मला दुसरं कुणीच नकोय."

उल्का आठवडाभर नाही म्हणत राहिली. मग हो म्हणाली.

भाकरी करपली त्या दिवशी मथुराबाईच्या आतल्या खोलीत गोधड्यांचा ढीग भिंतीला लावून, आवाज घुमू नये असा बंदोबस्त करून दोघी बसल्या. मध्येच कुकरची शिट्टी झाली. उल्का उठायला लागली तर स्वराली म्हणाली, "राहू दे. मस्त आहे."

आणि उल्कानं ते सांगितलं, जे तिनं आईलाही सांगितलेलं नव्हतं.

ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. राज्यस्पर्धेसाठी निवड चालली होती. हवेत दीड गिरकी घेऊन मागच्या मागं उतरायचं, अशी एक उडी असते. उल्का तिला दीडकी म्हणायची. तिच्या तुकडीत दीडकी पहिल्यांदा तिलाच जमली. निवडीच्या दिवशी तिनं ती घेतली आणि उभ्यानं उतरली. त्या वेळच्या मॅडमनी हात वर करून गाणं थांबवलं. म्हणाल्या, "आवाज येतोय. उतरताना एवढा आवाज येत असेल तर ती फिगर स्केटिंग नाही, उल्का. तू गाण्याच्या मशीनजवळ बस. मुलींची गाणी लाव." दिवसभर उल्कानं दुसऱ्यांची गाणी लावली. स्वरालीचंही लावलं. संध्याकाळी रसवंतीवर स्वरालीच तिच्याऐवजी रडली. "आवाज येतो म्हणजे काय गं? चाकं आहेत, वाजणारच."

त्या दिवसानंतर उल्कानं पोरांना दीडकी शिकवली, स्वतः कधी घेतली नाही.

"आता घेशील?" गोधड्यांच्या आड बसून स्वरालीनं विचारलं. "रेकॉर्ड करू. ज्या आवाजासाठी तुला बसवलं, तोच आवाज जगाला ऐकवू. भागाचा शेवट तोच."

उल्काला हे पटलं. पटलं म्हणजे काय, आतनं हललं काहीतरी. दिसायचं नाही, फोटो नाही, ड्रेस नाही. नुसतं ऐकू जायचं, आणि ऐकू जाणारं आपलंच.

रिंक रिकामं असेल तेव्हा जाऊन ती दीडकी घटवायला लागली. ढुंगण शेकून निघालं. कोपर फुटलं. मथुराबाई हळद लावताना म्हणायची, "रेडिओत रगत दिसत न्हाई म्हनून बरं." शेवटी पाय वळणीवर आले. स्वराली माइक घेऊन आली, जमिनीलगत पालथी पडली. उल्का लांबून आली, डाव्या पायावर बसली, उडाली. वर गेल्यावर तेवढ्यापुरता सगळा आवाज बंद. मग धप्प! आणि लगेच जातं फिरायला लागलं, घर्रर्र, दूर दूर. पडली नाही. डगमगलीसुद्धा नाही.

स्वरालीनं कानावरचे हेडफोन काढले तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिनं उल्काला घट्ट धरलं. "हाच. हाच शेवट."

भाग निघाला रविवारी. उल्कानं रिंकवर मोठा स्पीकर आणला. पोरं फरशीवर, आईबाप खुर्च्यांवर. मथुराबाई नवं लुगडं नेसून आली आणि पुढच्या खुर्चीत बसली. पहिल्याछूट तिचंच वाक्य लागलं, "भाकरी करपंल आता, ते?" सगळे खो खो हसले, मथुराबाई पदरात तोंड घालून बसली. कुकरची शिट्टी झाली, पुन्हा हसले. मग निवडीची गोष्ट आली आणि खुर्च्यांची कुरकुरही थांबली. आणि मग स्वरालीचा तो मऊ, कमावलेला आवाज: "आणि आता ऐका. इतक्या वर्षांनी, उल्काची उडी."

सर्रर्र. टिक. सर्रर्र.

टाळ्या पडल्या. लोक उभे राहिले. टाळ्या संपायच्या आत अवधूत म्हणाला, "टीचर, ही चाकं तुमची न्हाईत."

"गप रे," कुणाची तरी आई म्हणाली.

"खरंच न्हाईत. टीचरची आशी न्हाई वाजत." दुसऱ्या दोघांनी माना हलवल्या.

"माइकमध्ये आवाज बदलतो बाळा," एक बाप समजावून म्हणाला. इंजिनिअर होता.

उल्कानं स्पीकर बंद केला. चाकं आपली नाहीत एवढंच नाही, तर कुणाची तेही तिला कळलं होतं. डाव्या पायानं ढकलताना स्वरालीची टाच शेवटी जरा उचलते आणि बारीक टिक वाजतं. सबंध लहानपण तो आवाज तिच्या शेजारी चालत होता.

तिनं खुर्च्या दुमडल्या, स्पीकर परत केला, आईला घरी पोचवलं. मग फोन लावला.

"चाकं कुनाची हायती?"

"कुठली?"

"स्वराली."

"अगं, एडिटला बसलो तेव्हा सगळ्यांनाच वाटलं. तुझं ते उतरणं ना, ऐकताना पडल्यासारखं वाटत होतं. दिसत नाही ना माणूस. नुसताच धप्प. मग मीच रिंकवर जाऊन एकदा केली."

"मी पडले न्हवते."

"मला माहितीये गं, मी होते ना तिथे!"

"आगुदरच्या टायमाला बी व्हतीस."

"हे बघ, तू उगाच ताणतीयेस. गोष्ट तुझी, बोलणं तुझं, नावसुद्धा तुझंच घेतलंय. कमेंट वाचल्यास का? एकीनं लिहिलंय, अंग जड असूनही किती अलगद उतरली."

"मंग तिला सांग की, अलगद उतरली ती दुसरीच हाय."

"उल्का..."

"कुकरची शिट्टी ऱ्हाऊ दिलीस."

"ती किती छान आहे! त्यानं घर डोळ्यांसमोर येतं."

"आयची करपल्याली भाकरी ऱ्हाऊ दिलीस. फकस्त माजाच तेवडा आवाज येत व्हता, व्हय?"

हे शब्द आधी कुणी म्हटले होते ते स्वरालीलाही आठवलं असणार. पण आठवणं वेगळं आणि ते कबूल करणं वेगळं.

"दोनातलं एक कर," उल्का म्हणाली. "माजी चाकं घाल, न्हाईतर माजं नाव काड."

हे म्हणताना तिला खात्री होती. नाव काढलं तर त्या भागात राहतं काय? स्वराली चाकंच घालणार. धप्प आवाज तिच्याकडं ठेवलेला आहेच, कुठं शोधायला जायचा नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, शेवटी बदामाचं चित्र. झालं गं, आता खूश? उल्कानं गोठ्याच्या मोकळ्या शेडमध्ये उभ्या उभ्या भाग लावला. भाकरी होती. शिट्टी होती. मॅडमचं बोलणं होतं, रसवंती होती. आणि शेवटी: "आणि आता ऐका. इतक्या वर्षांनी, माझ्या एका मैत्रिणीची उडी."

सर्रर्र. टिक. सर्रर्र.

"काय म्हनली?" मथुराबाईनं आतनं विचारलं.

"नाव काडलं माजं."

मथुराबाई बाहेर आली. हाताला पीठ तसंच. "आन् माजी भाकरी?"

"ती हाय."

"मंग मला बी काडाय लाव. एवडी फुकाट करपवली मी." आणि मग म्हणाली, "रसवंतीवं रडली ती खरं व्हतं का गं?"

"तवा खरं व्हतं, आये. तिला निवडलं व्हतं ना. रडाय परवडत व्हतं."

संध्याकाळी उल्का नेहमीसारखी रिंकवर गेली. एका पोरीची आई हसत पुढं आली. "टीचर, तो पॉडकास्ट मी पुन्हा ऐकला. रविवारी उडी तुमची म्हणाले, आता मैत्रिणीची म्हणतात; ती मैत्रीण कोण हो? तुमच्याच बॅचची का?"

"व्हती एक," उल्का म्हणाली आणि खाली बसून तिच्या पोरीच्या बुटाचे पट्टे आवळायला लागली.

पोरांनी वळख मांडली. भिंतीकडं तोंडं, डोळे मिटलेले. एकेक जण मागनं जाऊन आला, पोरांनी नावं घेतली, बरोबर निघाली. मग उल्का गेली. पोरं ऐकत राहिली. कुणीच बोलेना. अवधूतनं मान तिरकी केली, कान पुढं केला. "नवीन हाय कुनी तरी," तो म्हणाला.

उल्का तिथंच थांबली. खाली आपल्या पायांकडं बघितलं. आल्यापासनं ती चवड्यावर चालत होती, टाच टेकवत नव्हती. ढकलत होती तीही चोरून, घरात कुणी निजलेलं असल्यासारखी. तिला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला.

"डोळे उघडू नगा," ती म्हणाली. फाटकापर्यंत मागं गेली. पाय पुरा टेकवला, टाचेसकट, आणि जोर दिला.

ती निम्म्यात यायच्या आत अवधूत ओरडला, "टीचर!"

"मंग मगाशी काय कान इकून आलावता का?" उल्का म्हणाली. "चला, डोळे उघडा. रांग करा. बारकी म्होरं, आन् कुनाचा पट्टा ढिला आसंल त्यानं आत्ताच सांगा, पडल्यावर न्हाई."