मागच्या सीटचं अभ्यंगस्नान

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की गेल्या सुट्टीत आजोबांच्या गाडीत मागे बसलं की दिवाळीसारखा वास का यायचा. तुमच्या बाबाने सांगितलं, एअर फ्रेशनरचा. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि खोटं दुरुस्त करायला निवांत वेळ लागतो. आज तो आहे. आजोबा झोपलेत, माझी वही समोर उघडी आहे, आणि हे आत्ता लिहून ठेवलं नाही तर चार वर्षांनी तो एअर फ्रेशनरच खरा ठरेल.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीत सगळ्या फायली मी इंग्रजीत लिहिल्या. पण ही हकिकत इंग्रजीत सांगायला घेतली आणि उटण्यापाशी येऊन थांबले. म्हणून मराठीत लिहिते. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, लागू दे.

गाडी तुम्हाला माहीतच आहे. पांढरी, बारा वर्षांची. आजोबा निवृत्त झाले त्या वर्षी घेतली आणि त्यांनी हौसेने तिला फिक्या बिस्किटी रंगाच्या लेदरच्या सीट बसवून घेतल्या. सोमवारी आणि गुरुवारी ती नेरूळच्या बाजारात जाते, महिन्यातून एकदा करंजाडेला माझ्या बहिणीकडे. आणि तुम्ही येता तेव्हा विमानतळावर. एरवी ती पार्किंगमध्ये उभी असते आणि समोरच्या बांधकामाची धूळ अंगावर घेते.

मागच्या वर्षी थंडी सरता सरता तुमच्या बाबाचा फोन आला. म्हणाला, अप्पा, एवढ्याशा वापरासाठी गाडी कशाला सांभाळता, विकून टाका, टॅक्सी बोलवत जा.

"आणि पोरांना आणायला?" आजोबांनी विचारलं.

"तेव्हाही टॅक्सी."

आजोबांनी फोन माझ्या हातात दिला. असा ते फक्त डॉक्टरांचा फोन आला की देतात.

बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी एक तोड निघाली. जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीचा माणूस पुढच्याच्या पुढच्या रविवारी येऊन गाडी तपासणार. तो म्हणाला गाडी नीट राखलेली आहे, तर गाडी राहील. दुर्लक्षित आहे म्हणाला, तर त्याच दिवशी विकायची. मी हे वहीत लिहून घेतलं आणि दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. एकतीस वर्षं मी एका कंपनीच्या स्टोअर्स खात्यात होते. तिथे तोंडी ठरलेलं काही ठरलेलं धरत नसत.

दुसऱ्या दिवशी आजोबा एकटेच जाऊन डॅशबोर्ड चमकवायचा फवारा घेऊन आले. तो मारल्यावर डॅशबोर्ड इतका गुळगुळीत झाला की पहिल्याच वळणावर त्यावर ठेवलेला आजोबांचा वाचायचा चष्मा उजव्या दाराशी गेला आणि दुसऱ्या वळणावर तिथला छोटा गणपती माझ्या मांडीवर आला. तेव्हा मी जाहीर केलं, की यापुढची खरेदी माझ्या खात्यामार्फत होईल.

आमच्या सेक्टरच्या मार्केटमध्ये गाडीच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक इथलेच, खाडीकाठच्या गावचे. त्यांच्या वडिलांची जिथे भातशेती होती तिथे आता त्यांचं दुकान आहे आणि वर भाडेकरू. पन्नाशीचा माणूस, घाई अजिबात नाही. आजोबांनी त्यांना अभिमानाने सांगितलं, की आपण गाडी नेहमी जुन्या बनियनने पुसतो, सुती कापडासारखं दुसरं काही नाही. मालक उठून बाहेर आले आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरला. पांढऱ्या रंगावर बारीक बारीक ओरखडे गोल गोल फिरले होते.

"काका, बनियनची शिवन पन ओरखडा काढते," ते म्हणाले. "मायक्रोफायबर घ्या. बनियन अंगात घाला."

मग पॉलिशचं मशीन. दोन प्रकारची होती. एक जड, नुसतं गरगर फिरणारं. नवशिक्याने ते एका जागी जरा जास्त धरलं की रंग भाजून निघतो. दुसरं हलकं, फिरता फिरता डुलणारं. आजोबांना जड हवं होतं, ते जड होतं म्हणून.

"ह्या जड मशीनला चुकी माफ नाय काका. हलकं हाय त्याला चालते."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हलकंच द्या. माफ न करणारं घरात एक आहे."

त्याबरोबर फोमचं मऊ पॅड, बारीक पॉलिश आणि मळलेल्या कणकेसारखी एक माती घेतली. साबणाच्या पाण्यात भिजवून ती गाडीवर फिरवली की रंगात रुतलेली कचकच निघून येते. एकच नियम, खाली पडली की टाकून द्यायची, कारण जमिनीवरचे खडे तिला चिकटतात आणि तेच मग गाडीला ओरबाडतात. आजोबांनी तिसरा गोळा पाडला तेव्हा मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि माती स्वतः फिरवली.

पण गाडीला काही लावण्याआधी ते घरात लावून बघायचं, असं मी ठरवलं होतं. वहीत तक्ता आखला: नमुना क्रमांक, कशावर लावला, किती तास ठेवला, निकाल. पॉलिशसाठी लोखंडी कपाटाचं दार आणि फ्रीज. कपाट असं लखलखलं की आजोबा त्यात बघून दाढी करू लागले. फ्रीजवर पॉलिशनंतर मेणही लावून पाहिलं, आणि तुमचा फोटो असलेलं मॅग्नेट तेव्हापासून तिथे ठरेना. सकाळी वर लावावं, दुपारी खाली ओट्याच्या उंचीला, संध्याकाळी तुम्ही दोघं फरशीजवळ हसत उभे.

लेदरसाठी मालकांनी तीन छोट्या बाटल्यांत नमुने दिले. मी माझी जुनी पर्स, आजोबांची ऑफिसची बॅग आणि त्यांचा एक बूट घेतला. नमुना एकने पर्स चकाकली आणि खांद्यावर टिकेनाशी झाली. नमुना दोनला सुगंध होता, पण बॅगेला वर्तमानपत्र चिकटलं आणि त्यातली एक जाहिरात उलटी उमटली. नमुना तीन लावलेल्या बुटाला वास नाही, चकाकी नाही, काही केलंय असंही वाटत नव्हतं. फक्त लेदर मऊ झालं होतं. मालकांना सांगितलं तर ते खूश झाले.

"मावशी, तोच. लेदर चमकलं की समजायचं, वर कायतरी थापलंय."

तरी मी म्हटलं, अजून दोन दिवस ठेवून बघू. रविवार पाच दिवसांवर होता. तेवढा वेळ आमच्याकडे होता. आजोबांकडे मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती दिवाळीच्या वासाने. स्वयंपाकघरात गॅसवर तेल कोमट करायची वाटी नव्हती. सुगंधी तेलाची बाटली नव्हती. दिवाळीत उरलेलं उटण्याचं पाकीट डब्यातून गेलं होतं. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि लिफ्टने खाली गेले.

आजोबा गाडीत मागे गुडघ्यांवर बसले होते, बाह्या सरसावून. एका हाताने पाठ टेकायची जागा धरली होती आणि दुसऱ्या हाताने सीटला तेल चोळत होते. तुमच्या बाबाला लहानपणी चोळायचे तसं, खालून वर, मग गोल गोल.

"अगं, शेवटी कातडंच आहे," ते मला बघून म्हणाले. "आपल्याला इतकी वर्षं चालतंय, तिला एक दिवस चालणार नाही?"

मी विचारलं, आणि उटणं? तर म्हणाले, जास्तीचं तेल निघायला नको का. आपलं नाही निघत उटण्याने?

माझी पंचाईत अशी झाली की त्यात तर्क होता. पण आपल्या कातडीला वरून पाणी ओततात, आणि या सीटला बारीक बारीक भोकं आहेत, शोभेची. प्रत्येक भोकात उटणं गेलं, तेलात भिजलं आणि तिथे बसलं.

दुपारी ऊन तापलं तसं सगळं पार्किंग घमघमलं. वॉचमनने विचारलं, कोणाकडे पूजा आहे का. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गाडीजवळून जाताना हात जोडून गेल्या. मुंग्यांची एक रांग मागच्या चाकापाशी येऊन वर कसं जायचं याचा विचार करत होती.

मी दुकानाच्या मालकांना फोटो पाठवला. ते स्कूटरवर स्वतः आले. दार उघडून आत वाकले.

"काका," ते म्हणाले, "सीट हाय ती. पापलेट नाय." मग एक बोट सीटवर फिरवून नाकाशी नेलं. "मसाला पन लावलाय."

त्यांनी उपाय सांगितला. तांदळाचं पीठ भुरभुरायचं, ते तेल पिऊ द्यायचं, व्हॅक्युमने ओढून घ्यायचं, मग परत पीठ. तेल ओढलं गेलं की नमुना तीन. मी डब्यातलं पीठ आणलं आणि चाळणीने सीटवर चाळलं. आजोबा शेजारी उभे होते. दिवसभरात त्यांनी चहाही अर्धाच घेतला होता.

"गाडी विकली तर तू नेरूळला कशी जाशील?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, रिक्षाने.

"आणि मी?"

 मी आणखी थोडं पीठ चाळलं.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं मागच्या सीटवर होतो. मी डावीकडून, आजोबा उजवीकडून, हातात दातकोरणी, एकेक भोक घेत. केसांना रंग लावायचा ब्रश शिवणींसाठी. मधूनमधून आजोबा विचारायचे, तुझी ओळ कुठवर आली, आणि मी जिथे असेन त्याच्या एक ओळ पुढे सांगायचे. शनिवारी सगळ्या गाडीला पॉलिश झालं. हलक्या मशीनने आजोबांनी केलं आणि छान केलं, हे वहीतही लिहिलंय. त्याच पानावर खाली मी नमुना क्रमांक पाचची नोंद केली: सुगंधी तेल व उटणं, मागच्या सीटवर. निकाल: प्रतीक्षा. चौथा नमुना काय होता ते विचारू नका, तो माझ्या चपलेवर वाया गेला.

रविवारी तो तपासणारा माणूस आला. मध्यमवयीन, टापटीप, हातात टॅब आणि क्रीम रंगाची कडक इस्त्रीची पॅन्ट. ती पॅन्ट बघून मी वरून एक टॉवेल आणला. त्याने इंजिन ऐकलं, टायर पाहिले, बॉनेटवर वाकला आणि तिथे स्वतःचा चेहरा दिसला तसे केस सारखे केले. पुढच्या सीट दाबून पाहिल्या. मग मागचं दार उघडलं.

मी टॉवेल अंथरणारच होते. पण आजोबाच पुढे झाले.

"मागे बसू नका," ते म्हणाले. "मी तिला तेल लावलंय."

त्याला वाटलं असावं, म्हातारा काहीतरी बोलण्याच्या ओघात बोलतोय. "काका, बसल्याशिवाय सीट कळत नाही," असं म्हणून तो बसला, चांगला टेकून बसला, आणि उठला तेव्हा त्याच्या पॅन्टवर मागे दोन मोठे गोल होते.

पुढचा पाऊण तास तो आमच्या घरी सोफ्यावर आजोबांची चौकटीची लुंगी नेसून बसला होता. पॅन्ट माझ्या ताब्यात होती. पीठ, मग भांड्यांचा साबण, मग कोमट पाणी, मग इस्त्री. या कामात तोवर माझा हात बसला होता. त्याला चहा-पोहे दिले होते आणि वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने माझी वही घेतली.

"काकू, हा नमुना पाच काय आहे?"

सांगितलं. त्याने चष्मा काढला, लुंगीच्या टोकाने पुसला आणि परत घातला. मग पाण्यासाठी उठला. फ्रीजशी गेला तेव्हा तुम्ही दोघं नेहमीप्रमाणे खाली सरकला होतात. त्याने तुम्हाला वर लावलं. तुम्ही परत सरकलात. त्याने विचारलं, ही कोण मुलं?

आजोबा म्हणाले, "यांना आणायला गाडी लागते."

पॅन्ट तयार झाल्यावर तो गेला आणि त्याने भरलेला अहवाल थोड्या वेळाने फोनवर आला. मी तुमच्या बाबाला फोन लावून तो वाचून दाखवला. बाहेरून: उत्तम. इंजिन: चांगलं. पुढच्या सीट: चांगल्या. मागची सीट: तेलकट. आणि खाली शेरा होता, देखभाल: गरजेपेक्षा जास्त.

बाबाने शेरा मला परत वाचायला लावला. मग म्हणाला, "आई, गरजेपेक्षा जास्त म्हणजे काय?"

"दुर्लक्षित नाही, एवढं नक्की," मी म्हटलं आणि त्याला आधीच्या पानावर काय ठरलं होतं ते पुन्हा वाचून दाखवलं.

त्याने ऐकलं. मग तेलाचं विचारलं, मी खरं सांगितलं, आणि तो इतका हसला की फोन तुमच्या आईने घेतला. गाडी राहू दे, असं मागून ओरडून त्याने सांगितलं. तेही मी लिहून घेतलं. आजोबांनी ते पान स्वतः वाचलं, दोनदा, आणि किल्ली खिळ्यावरून काढून खिशात घातली.

तुम्हाला त्याने एअर फ्रेशनर का सांगितलं, ते मी काल विचारलं. म्हणाला, आमच्या गाडीच्या सीटही लेदरच्याच आहेत आणि ही दोघं आजोबांचीच नातवंडं आहेत. यात त्याचं काही चूक नाही. तेव्हा तेल तुमच्याकडच्या कशालाही लावू नका, केस सोडून.

जड मशीन अजून दुकानात आहे, कोणी घेतलं नाही. नमुना तीनची बाटली अर्धी शिल्लक आहे, दर दोन महिन्यांनी मीच लावते. मॅग्नेट अजून सरकतं. गाडी आहे, ती आजोबाच चालवतात, आणि मागच्या सीटच्या उजव्या बाजूच्या भोकांत अजून थोडं उटणं आहे.