कवच उघडायच्या आधी

माझी वहिनी प्रयोगशाळेत अंडी फोडते. कोणी विचारलं की मी असंच सांगते आणि ती चिडते. खरं तर काम फार नाजूक. उबवायला ठेवलेल्या अंड्याच्या जाड टोकाला ती बारीक भोक पाडते, सुईने औषधाचा थेंब आत सोडते आणि भोक मेणाने बुजवते. पुढे ठरल्या दिवशी कवच उघडून आतल्या पिल्लाचं यकृत काढते. सध्याचं औषध झोप उडवणारं आहे. एरवी यकृत गडद, तुकतुकीत असतं. या अंड्यांतलं फिकट, डागाळलेलं निघतं.

परवा सेफ्टी पिन हवी म्हणून तिने लेकीच्या पर्समध्ये हात घातला. आत गोळ्यांची पट्टी होती आणि तिच्यावर तेच नाव. लेकीला चौथा महिना. रात्रपाळीत डोळा लागला तर नोकरी जाईल, हे तिचं रोजचं रडगाणं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने प्रयोगशाळेतल्या मॅडमना आडून विचारलं. "अंडं म्हणजे माणूस नव्हे, घाई करू नका," त्या म्हणाल्या. मला त्यांचा असा राग आला! आईने काय पुरावा जमेपर्यंत हाताची घडी घालून बसायचं?

लेकीशी बोलच, म्हणून मीच वहिनीच्या मागे लागले. जेवताना तिने पट्टी ताटाशेजारी ठेवली.

"माझी पर्स उचकलीस?" पोरगी भडकली.

"आजपासून बंद कर. याने अंड्यातल्या पिल्लांचं काय होतं ते मी रोज बघतेय."

"कोंबडीशी तुलना करतेस माझी?"

एरवी मी खो खो हसले असते. आज पाण्याचा पेला तेवढा तिच्यापुढे सरकवला.

"आणि नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. मी आहे ना!"

पोरीचा हात पोटावर गेला. आवाज एकदम उतरला. "तसली पिल्लं नंतर जगतात का गं?"

"मला माहीत नाही."

"इतकी वर्षं हेच करतेस आणि माहीत नाही?"

"आम्ही एकालाही बाहेर येऊ देत नाही," वहिनी म्हणाली. "त्याआधीच उघडतो." आणि ती ताटावरच हमसून रडायला लागली.

पोरीने उठून पट्टी केराच्या डब्यात टाकली. मग आईजवळ येऊन उभी राहिली.

"उद्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "ते काय सांगतील ते मला एकटीला ऐकवणार नाही."